तीन कप्प्यांचं हृदय

अनुपमा शाळेत पोचली तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती आणि ती दमली होती. दमण्यासारखं अजून काही झालं नव्हतं. अकोल्याहून पॅसेंजरनं मूर्तिजापूर आणि तिथून सहा सीटच्या ऑटोत दहावी सवारी म्हणून हे गाव, एवढंच. पण बी.एड.ला दमण्यासाठी कारण लागत नाही. दमणं प्रवेशाबरोबरच मिळतं.

तिच्या पिशवीत एक निरीक्षणपत्रक होतं. चार पानी, बावीस रकान्यांचं, वर लाल शाईत छापलेला क्रमांक. आज शाळेतला एक पाठ मागं बसून पाहायचा, बावीस रकाने भरायचे, शिक्षकाची सही, मुख्याध्यापकाचा शिक्का घ्यायचा आणि मूळ प्रत कॉलेजात द्यायची. झेरॉक्स चालत नाही. पत्रक हरवलं, फाटलं, भिजलं तर तो दिवस धरला जात नाही. माणूस हरवला तर काय, याबद्दल सूचनेत काही नव्हतं.

मुख्याध्यापक काळमेघ सर दोन मोबाईल आणि एका लॅपटॉपवर एकाच वेळी माहिती भरत होते. वरून आदेश आला होता, आजच्या आज माहिती पाठवा. कसली, ते आदेशात नीट कळत नव्हतं, म्हणून ते सगळीच पाठवत होते.

"निरीक्षणाले आल्या ना? बसा. पाचव्या तासाले गावंडे सरांचा पाठ पाहा. आठवी, विज्ञान."

"दुसऱ्या कुणाचा पाहिला तर चालेल का सर? मराठीचा वगैरे?"

"निरीक्षण गावंडे सरांचंच असते."

"आणि बाकीचे सर?"

"बाकीचे शिकवतात," काळमेघ सर म्हणाले आणि दुसऱ्या मोबाईलकडं वळले.

एवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. दोन वेण्या, वर केलेल्या बाह्या, आणि भांडायला आल्यासारखा चेहरा.

"येऊ का सर?"

"आलीच तू. बोल."

"शिष्यवृत्तीच्या यादीत माझं नाव काऊन नाही सर?"

"कोनं सांगतलं नाही म्हनून?"

"तुमीच फळ्यावर लावली. धा नावं हायेत. चार वाजता फॉर्म बंद होते म्हने आज."

"मंग? विचार करूनच लावली ना. जाय वर्गात."

"मले घटक चाचणीत वीसपैकी एकोणीस भेटले सर."

"मार्क भेटतात बाई. मार्काचं काय घेऊन बसली? जाय."

मुलगी गेली. म्हणजे दारातून दिसेनाशी झाली. कार्यालयाचं दार पावसाळ्यात फुगलं होतं आणि हिवाळा आला तरी पुरतं लागत नव्हतं.

"आचल तायडे," काळमेघ सरांनी अनुपमाला सांगितलं. "परीक्षा पास झाली त बाप अकरावीले अकोल्याले ठेवतो म्हनते. नाही झाली त दहावी इथंच आन् मंग पाहू." 'मग पाहू' म्हणजे काय, हे त्या गावातल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं. चुलत बहिणींच्या लग्नपत्रिका घरात असतात. "पण आमचं बी पाहा ना. गेल्या साली वीस बसवले, तेरा नापास. टक्केवारी दारावर लावा लागते. म्हनून औंदा धाच. पक्के."

"पण एकोणीस मार्क आहेत म्हणते ती."

काळमेघ सरांनी कपाटातून एक फाईल काढली. लाल फितीनं बांधलेली, चांगली जाडजूड. "हे तुमच्याच लोकायचे अहवाल. जाताना शाळेले एक देऊन जातात, छापील नंबराचा. वाचा."

अनुपमानं पहिला कागद उचलला आणि दमलेला माणूस वाचतो तसा मोठ्यानं वाचला. "अप्रगत विद्यार्थिनीचा अभ्यास. कुमारी आचल तायडे, इयत्ता आठवी. सदर विद्यार्थिनीस वारंवार अध्यापन करूनही मानवी हृदयास तीनच कप्पे असल्याचे वाटते." पुढचेही तिनं तसेच मोठ्यानं वाचले. दुसरा कागद दुसऱ्या प्रशिक्षणार्थीचा होता. तीन कप्पे. तिसऱ्यात लिहिलं होतं की मुलीला घरी प्रोत्साहन नसावं. चौथ्यात पालकांच्या अज्ञानावर दीड पान होतं, तेही ती बोलून गेली. असे चौदा होते. चौदा जणांनी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अक्षरात, एकमेकांना न विचारता हेच लिहिलं होतं. शास्त्रात याला पुरावा म्हणतात.

"एक-दोन असते त मी सोडून देल्लं असतं," काळमेघ सर म्हणाले. "चौदा आहेत मॅडम. कोनत्या तोंडानं तिचं नाव टाकू?"

मधल्या सुट्टीत गावंडे सर प्रयोगशाळेत सापडले. चंद्रभान गावंडे, निवृत्तीला दीड वर्ष. ते थर्माकोलच्या एका हृदयाला फेविकॉल लावत होते.

"निरीक्षण ना? या. मागच्या बाकावर बसजा. काही तरास नाही. तुमच्या रकान्याच्या नंबरानंच पाठ होते. पहिला प्रस्तावना, दुसरा हेतुकथन, असं. रकाना बदलला की मी खाकरतो. तुमी खालच्या ओळीवर या."

"सर, हा धडा तर पुस्तकात बराच मागं आहे ना? नोव्हेंबरातच आलात तिथपर्यंत?"

"जुलैपासून हाच चालू आहे," गावंडे सर शांतपणे म्हणाले. "दोन कॉलेजं येतात आपल्याकडं. हप्त्यात एखादा निरीक्षक असतेच. दुसऱ्या धड्याले मॉडेल नाही. अकरा वर्सांमागं एक साहेब आले होते. त्यायनं हा पाठ पाहिला आन् म्हणाले, गावंडे, वा. तवापासून हाच."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमानही नव्हता. बसस्टँडवर गाडीची वेळ सांगणारा माणूस बोलतो तसं ते बोलत होते.

"पोरांना कंटाळा नाही येत?"

"त्यायले पाठ आहे. आपापलं काम करतात. सीमा प्रस्तावनेचं उत्तर देते, कुलदीप मॉडेल धरते. अठराव्या रकान्याले आचल."

अनुपमानं पत्रक उघडलं. रकाना अठरा : चुकीच्या उत्तराची हाताळणी.

"म्हणजे आचल मुद्दाम चुकते?"

"मंग? सगळेच बरोबर बोलले त अठरावा रकाना कोरा राहते. कोऱ्या रकान्याचे मार्क कटतात तुमचे." ते फुंकर मारून फेविकॉल वाळवत होते. "हे काम सोपं नाही मॅडम. आधी कुलदीपले देल्लं होतं, तो हासे. मंग सीमाले देल्लं, ते रडे. थे म्हने, मले चार माहीत असून तीन कशी म्हनू? आचल बराबर चुकते. तोंडावर काही दिसू देत नाही. हुशार पोट्टी आहे, म्हनून त तिले देल्लं."

"सर, पण त्या फाईलमध्ये..." अनुपमानं सुरुवात केली आणि घंटा झाली. पहिल्या दिवशी आपण किती बोलावं, याचा रकाना तिच्या पत्रकात नव्हता. ती त्यांच्या मागोमाग वर्गात गेली.

पाठ सुरू झाला. पोरं उभी राहिली, बसली, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर एकदम उत्सुकता आली. ती इतकी सारखी होती की शाळेच्या गणवेशाबरोबर वाटली असावी असं वाटलं. गावंडे सरांनी विचारलं, धावल्यावर छातीत काय होतं? सीमा उठली, छातीवर हात ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "धडधड होते सर." सर म्हणाले, "शाब्बास," आणि खाकरले. अनुपमा दुसऱ्या रकान्यावर गेली. कुलदीपनं मॉडेल उचललं. सर खाकरले. फळ्यावर शीर्षक आलं, चित्र आलं. सर खाकरले. अनुपमाचा हात सवयीनं चालू लागला. तिला बरं वाटत होतं, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. इतक्या सोयीचं शिकवणं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

सतराव्या रकान्यानंतर सर खाकरले आणि म्हणाले, "तर मुलांनो, मानवी हृदयाला कप्पे किती? आचल, तू सांग."

आचल उठली.

"चार, सर."

वर्गात कुणीतरी दचकून पेन खाली पाडला.

"नीट विचार कर," गावंडे सर म्हणाले. "घाई नको."

"चार. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं वर बघणं टाळलं नाही. मग त्यांनी आशेनं कुलदीपकडं पाहिलं. "कुलदीप, तू?"

"चार सर," कुलदीप म्हणाला. चुकायचं काम त्याच्याकडून कधीच काढून घेतलं होतं, म्हणून तो खरं बोलला.

"सीमा?"

"चार."

"कोनाले दुसरं काही वाटते का?" सरांनी सगळ्या वर्गाला विचारलं. कुणालाच वाटलं नाही. पाच महिन्यांत अठ्ठेचाळीस पोरांपैकी प्रत्येकाला हे एवढं नक्की आलं होतं. दुसऱ्या कुठल्या शाळेत असा निकाल लागला असता तर पेढे वाटले असते.

गावंडे सर उभेच राहिले. त्यांच्या पाठाचं पुढचं वाक्य तयार होतं, पण ते चुकीच्या उत्तराला धरूनच सुरू होत होतं. बरोबर उत्तरानंतर हा पाठ कुठं जातो, हे त्यांना अकरा वर्षांत कधी पाहावं लागलं नव्हतं. शेवटी पहिल्या बाकावरून कुणीतरी त्यांना हळूच आठवण दिली, "सर, बेडकाले तीन असतात."

"हाव," सर म्हणाले. "बेडकाले तीन असतात." आणि पुन्हा थांबले. मग आचलला म्हणाले, "आज काऊन व असं? मॅडम बसल्या आहेत मांगं. त्यायचा रकाना राहिला."

"मले परीक्षेले बसाचं आहे सर."

"मंग बस ना. कोन नाही म्हनते?"

"तीन म्हनलं म्हनून नाव नाही टाकलं. कागद आहेत हापिसात. चौदा. मॅडम वाचून राहिल्या होत्या तवा मी दाराशीच होती. माह्या घरी प्रोत्साहन नाही म्हने. माह्या बापाले अज्ञान आहे म्हने. दीड पान." तिनं वर केलेल्या बाह्या आणखी वर केल्या. "सर, तुमीच म्हनलं होतं तीन म्हन."

अनुपमा पत्रकाकडं पाहत राहिली.

गावंडे सर खुर्चीवर बसले. निरीक्षणाच्या पाठात शिक्षक बसत नाही, तो आठवा रकाना आहे. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"बरं," ते म्हणाले. "आता खरं सांग. ह्या धड्यातलं काय नाही समजत तुले?"

आचल गोंधळली. हा प्रश्न तिला नवा होता. "सांगू का?"

"सांग ना."

"धडधड होते थे आवाज कायचा येते सर? रक्ताचा का कप्प्याचा?"

"कप्प्याचा," गावंडे सर पटकन म्हणाले. "कप्पे आखडतात, भिंती एकमेकीले भिडतात, त्याचा." मग त्यांनी टेबलावरच्या थर्माकोलच्या हृदयाकडं पाहिलं. "थांब थांब. नाही. भिंती कायच्या भिडतील? मधात रगत असते ना." ते उठले, कपाटातून कव्हर गेलेलं एक जाड पुस्तक काढलं, बोट जिभेला लावून पानं उलटली. वर्गात कुजबुज सुरू झाली. निरीक्षणाच्या पाठात कुजबुज नसते, तो चौदावा रकाना. "हां. झडपा. कप्प्याच्या दारावर झडपा असतात, त्या लागतात तवा आवाज येते. मी चुकलो. लिहून घ्या सगळे, झडपा."

"दोनदा काऊन येते मंग?" कुलदीपनं विचारलं. जुलैपासून या पाठात त्यानं आपणहून एकही प्रश्न विचारला नव्हता.

"दोन जाग्याच्या झडपा असतील," आचल म्हणाली. "एकदा वरच्या लागत असतील, एकदा बाहेरच्या."

सरांनी पुस्तकात बोटानं ओळ शोधली. "बराबर आहे," ते म्हणाले, आणि खाकरायचं विसरले.

तास संपला तेव्हा एकोणिसाव्या रकान्यापासून पुढं सगळं कोरं होतं. अठराव्यात अनुपमानं लिहिलं होतं : 'चुकीचे उत्तर शिक्षकांनी दिले. शिक्षकांनीच पुस्तक पाहून दुरुस्त केले. पुढील भाग आचल तायडे या विद्यार्थिनीने स्वतः सांगितला. हृदयाचे कप्पे किती, हे तिला पूर्वीपासून माहीत आहे. तीन हे उत्तर तिला पाठासाठी सांगितलेले होते.' लिहून झाल्यावर तिला वाटलं, हे खोडावं. पण खाडाखोड चालत नाही, अशी सूचना होती.

गावंडे सरांनी उभ्याउभ्या वाचलं. "बराबर पाहिलं तुमी," म्हणाले, आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा जरा मोठी आली असावी, कारण ती चौकटीबाहेर गेली.

काळमेघ सरांनी मात्र बसून वाचलं, दोनदा वाचलं, आणि एक मोबाईल उलटा ठेवला. "म्हनजे चौदाही अहवाल खोटे?"

"चौदाही खरे," गावंडे सर म्हणाले. "तिनं चौदाही वेळा तीनच म्हनलं. मीच सांगतलं होतं."

"आधी नाही सांगता येत?"

"तुमी विचारलं नाही. मले काय माहीत तुमी थे अहवाल वाचता म्हनून? अकरा वर्सांत कोनीच वाचले नाहीत."

काळमेघ सरांनी फाईल पुढं ओढली. "औंदा यादी कराची होती म्हनून वाचले हो," ते ओशाळून म्हणाले. "नाव टाकतो. मले काय पोट्टीशी वैर आहे? पण उद्या कोनी विचारलं, चौदा अहवाल विरोधात असून नाव कसं टाकलं, त कागद दाखवा लागते."

"मी लेखी देतो."

"तुमचं नाही चालत. पाठ तुमचा. बाहेरच्याचा कागद लागते, छापील नंबराचा. साधा लिहून देल्ला त चालत नाही." ते अनुपमाकडं वळले. "हाच द्या मॅडम. फाईलीत सगळ्यात वर लावतो. वरचा कागद लागू असते. खालचे चौदा असो की चारशे."

"सर, हे मूळ पत्रक आहे. मला कॉलेजात द्यावं लागतं."

"झेरॉक्स नाही चालत तिथं?"

"नाही."

"आमच्या फाईलीले बी नाही चालत," काळमेघ सर म्हणाले. ते खरोखर दिलगीर होते.

अनुपमानं हिशेब केला. पत्रक दिलं तर आजचा दिवस गेला. कॉलेजात नवं पत्रक मागायचं, जुनं कुठं गेलं याचा अर्ज लिहायचा, त्या अर्जावर मॅडम म्हणणार, तुमच्याच बाबतीत कसं होतं हो असं? पुन्हा पहाटे उठणं, पॅसेंजर, दहावी सवारी. तिला शूर वगैरे काही वाटलं नाही. तिला फक्त आठवलं की कार्यालयात मोठ्यानं तीच वाचत होती. सकाळी घरून डबा आणला असता तर कदाचित थोडा वेळ विचारही केला असता. पण भूक लागली होती आणि सव्वातीन झाले होते.

"घ्या," ती म्हणाली.

काळमेघ सरांनी शिक्का मारला, पत्रकाला भोकं पाडली, फाईलीत वर लावलं, आणि लगेच लॅपटॉपवर अर्ज उघडला. मग म्हणाले, "फोटो लागते. पाठीमागं पांढरा पाहिजे."

फोटो स्टुडिओ मूर्तिजापूरला. जाऊन यायला तास लागला असता आणि तासाहून कमी वेळ होता. गावंडे सर म्हणाले, मोबाईलवर काढू, पांढऱ्या भिंतीसमोर उभी करू. आचलला वर्गातून बोलावलं. ती धावत आली, आणि मग चौघं, कारण काळमेघ सरही आले, पांढरी भिंत शोधत शाळाभर फिरले.

पांढरी भिंत नव्हती. व्हरांड्यात सुविचार होते. वर्गांच्या बाहेरून स्वच्छतेच्या सूचना, झाडांचे फायदे, हात धुण्याच्या सात पायऱ्या. पुढच्या भिंतीवर योजनांची नावं, कंपाउंडवर नकाशा, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक पाढा. खिचडीच्या खोलीची भिंत तेवढी कोरी होती, पण ती काळी होती. दर वर्षी रंगरंगोटीचा निधी येई आणि दर वर्षी तो खर्च करावाच लागे. एका तेरा वर्षांच्या मुलीचं डोकं मावेल एवढी मोकळी जागा शाळेत उरली नव्हती.

"टाकीच्या मांगं पाहा," दुर्गाबाई म्हणाल्या. त्या शाळेत शिपाई होत्या आणि शाळा पाहणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

पाण्याच्या टाकीमागं, जिथं रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता, दोन फूट चुना होता. आचल तिथं अंग चोरून उभी राहिली. एका बाजूला नळ, एका बाजूला शेवाळ.

"हासू नको," गावंडे सर म्हणाले. "फॉर्मात हासत नाहीत."

"मी नाही हासून राहिली सर. दम लागला."

"मंग दम घे. वर पाह्य. हनुवटी खाली. खाली म्हनलं त एवढी खाली नाही व. मॅडम, तिची वेणी मांगं करा बरं जरा."

अनुपमानं वेणी मागं केली. मुलीची मान घामानं ओली होती.

फोटो निघाला नाही. गावंडे सरांच्या मोबाईलमध्ये जागा नव्हती. खिचडीचे, वृक्षारोपणाचे, प्रतिज्ञेचे, हात धुणाऱ्या पोरांचे रोजचे फोटो होते आणि ते पुसायचे नाहीत असा आदेश होता. गावंडे सरांनी क्षणभर काळमेघ सरांकडं पाहिलं. काळमेघ सर टाकीकडं पाहू लागले. गावंडे सरांनी वृक्षारोपण पुसलं. दोनशे झाडं गेली आणि आचल आली. मान जरा वाकडी, डोळे मोठे, कुणाशी तरी अजून भांडण बाकी असल्यासारखे.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी अर्ज गेला. काळमेघ सरांनी पडद्यावरचा क्रमांक कागदावर उतरवून आचलला दिला. तिनं तो वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला. आभार मानायचे का, याचा तिनं थोडा विचार केला असावा.

"मॅडम, उद्या येता का तुमी?"

"यावंच लागेल. माझा पहिला दिवस आता उद्या आहे."

"मंग मागच्या बाकावर नका बसू," आचल म्हणाली. "तिथचा खिळा वर आला आहे. मधल्या रांगेत या. मी सरकून घेईन."